‘फाइल सापडत नाही’ म्हणजे नेमके काय सापडत नाही? : लिनक्सवरील लायब्ररी, कोडेक आणि प्लगइन

आपल्या प्रश्नाचा आशय मला समजला तो असा. सदाशिव पेठेतील एका शाळेचा संगणक कक्ष आपण सांभाळता. हिंजवडीतील एका कंपनीने वापरातून काढलेले बारा संगणक शाळेला देणगी म्हणून मिळाले आणि त्यांवर आपण उबंटू २४.०४ ही लिनक्स प्रणाली बसवली. स्नॅप स्वरूपातला (सगळे सामान आतच बांधून आणणारा) फायरफॉक्स ब्राउझर उघडायला फार वेळ घेतो म्हणून तो काढून आपण मोझिलाकडचे डेब (उबंटूच्या नेहमीच्या स्वरूपातले) पॅकेज घातले. आता पाच संगणकांवर यूट्यूब व्यवस्थित चालते, पण शाळेच्या संकेतस्थळावर शिक्षकांनी ठेवलेले एमपीफोर धडे चालत नाहीत, म्हणून ब्राउझरला कोणते प्लगइन (जोडायचा जादा भाग) घालावे असे आपण विचारले आहे. शिवाय विज्ञानाच्या प्रयोगांचा एक जुना प्रोग्राम लिबएसएसएल या लायब्ररीची (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात अशा तयार कोडच्या फाइलीची) १.१ ही आवृत्ती मागतो, दुसऱ्या एका प्रोग्रामची फाइल समोर दिसत असूनही टर्मिनल ‘अशी फाइल किंवा फोल्डर नाही’ म्हणते, आणि सीडीवरचे फ्लॅशचे धडे कशातच उघडत नाहीत. कोणाच्या तरी सल्ल्याने आपण दोन-तीन ठिकाणी सिमलिंक (एका फाइलकडे दुसऱ्या नावाने बोट दाखवणाऱ्या नोंदी) जोडल्या. त्यामुळे संदेश बदलला, काम मात्र झाले नाही.

या चारही तक्रारींत ‘काहीतरी नाही’ एवढेच समान आहे. पहिलीत कोडेक (दाबून ठेवलेले चित्र-आवाज उलगडणारा भाग) नाही, दुसरीत लायब्ररीची योग्य आवृत्ती नाही, तिसरीत प्रोग्राम सुरू करून देणारा लोडरच नाही, आणि चौथीत जे नाही ते आता कोठूनही मिळणार नाही. अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या शाळा, क्लास आणि छापखाने यांचे संगणक मी गेली अनेक वर्षे सांभाळतो, आणि माझा अनुभव असा की माणसे हा संदेश ‘अमुक नावाची फाइल तेथे नेऊन ठेवा’ अशी आज्ञा समजून वाचतात. तो संदेश म्हणजे तक्रार आहे. ती कोण करतो आहे आणि त्याला ती वस्तू कशासाठी हवी आहे, हे कळल्याशिवाय फाइल आणून ठेवण्यात अर्थ नसतो. (पुढे कमांडची आणि पॅकेजची नावे मी नागरीत लिहिली आहेत, टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टाकावी लागतील.)

सर्वप्रथम त्या सिमलिंकचा निकाल लावावा. लायब्ररीच्या नावात ‘एसओ’नंतर येणारा आकडा शोभेचा नसतो. लिबएसएसएल.एसओ.१.१ आणि लिबएसएसएल.एसओ.३ यांच्या नावांतला फरक लायब्ररी लिहिणाऱ्यांनीच मुद्दाम ठेवलेला आहे, आणि त्याचा अर्थ असा की जुन्या प्रोग्रामांना दिलेले वचन या आवृत्तीला लागू नाही. आपण आवृत्ती ३ ला १.१ या नावाची सिमलिंक जोडलीत, तेव्हा प्रोग्रामला हव्या त्या नावाची फाइल मिळाली, म्हणून पहिला संदेश गेला. पण आत ‘ओपनएसएसएल १.१.०’ (लिबएसएसएल याच संचातली) अशी खूण असलेली फंक्शने त्याला सापडली नाहीत, म्हणून दुसरा संदेश आला. पुण्यात पाट्यांना मोठा मान असला, तरी दारावरची पाटी बदलून आतला माणूस बदलत नाही. सिमलिंक जोडून कधीच काम होत नाही असे मी म्हणणार नाही. लायब्ररीतला बदल किरकोळ असेल तर प्रोग्राम चालतोही. मात्र तो कोणत्या क्षणी कोसळेल हे सांगता येत नाही, आणि सहा महिन्यांनी तो कोसळतो तेव्हा ती सिमलिंक कोणाच्याच लक्षात नसते. म्हणून हिस्टरी कमांड देऊन आपण नेमक्या कोणत्या सिमलिंक केल्या ते पाहावे. त्या प्रत्येकीबद्दल डीपीकेजीला (पॅकेजे बसवणाऱ्या-काढणाऱ्या कमांडला) मोठ्या एस या पर्यायासह विचारावे, की ही फाइल कोणत्या पॅकेजची आहे. तो ‘कोणाचीच नाही’ म्हणाला तर ती आपलीच. ती काढून टाकावी आणि एलडीकॉन्फिग चालवावे, म्हणजे लायब्ररींची नोंद पुन्हा तयार होईल.

आता व्हिडिओ. यूट्यूब चालते आणि एमपीफोर चालत नाही, हे आपण नमूद केलेत ते फार बरे झाले, कारण निदान जवळजवळ तेथेच होते. यूट्यूब बहुतेक वेळा व्हीपी९ किंवा एव्ही१ या स्वरूपात चित्र आणि ओपस या स्वरूपात आवाज पाठवते, आणि ही स्वरूपे वाचण्याची सोय फायरफॉक्सने स्वतःच्या पोटात बाळगलेली असते. शिक्षकांनी मोबाइलवर चित्रित केलेल्या एमपीफोर फाइलीत मात्र बहुधा एच.२६४ हे चित्र आणि एएसी हा आवाज असतो. या स्वरूपांवर पेटंटचा बोजा असल्याने लिनक्सवरचा फायरफॉक्स त्यांचा डिकोडर स्वतःबरोबर आणत नाही; तो संगणकावरच्या एफएफएमपेग या संचातील लिबएव्हीकोडेक ही लायब्ररी शोधतो आणि ती मिळाली तर वापरतो. स्नॅपमधल्या फायरफॉक्सबरोबर ही लायब्ररी आतच बांधलेली येते. आपण स्नॅप काढलात तेव्हा फायरफॉक्सबरोबर तीही गेली. जुन्या संगणकांवर डेब पॅकेज वापरण्याचा आपला निर्णय मला चुकीचा वाटत नाही, मीही तसेच करतो. फक्त त्याबरोबर ही एक जबाबदारी आपल्याकडे येते.

मग उरलेल्या सात संगणकांवर धडे कसे चालतात? उबंटू बसवताना ‘आणखी काही माध्यम-स्वरूपांसाठी आधार बसवावा’ अशा अर्थाचा एक चौकोन येतो. सात ठिकाणी त्यावर खूण केली गेली असावी आणि पाच ठिकाणी राहून गेली असावी. त्या खुणेमुळे लिबएव्हीकोडेक आपोआप येऊन बसते. हा माझा अंदाज आहे, पण तो पडताळणे सोपे आहे. चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या अशा दोन संगणकांवर डीपीकेजीच्या यादीत लिबएव्हीकोडेक शोधावे. एकावर ६० हा आकडा असलेले पॅकेज दिसेल आणि दुसऱ्यावर काहीच दिसणार नाही. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट’, विसर्गचिन्ह (कोलन) आणि ‘सपोर्ट’ असे टाकल्यास जे पान उघडते, त्यातील माध्यमांच्या विभागातही कोणते कोडेक उपलब्ध आहेत ते कळते.

उपाय म्हणून बहुतेक जण उबंटू-रिस्ट्रिक्टेड-एक्स्ट्राज हे पॅकेज सुचवतात. ते मल्टिव्हर्स या रेपॉझिटरीत (उबंटूच्या पॅकेज-भांडारात) असते आणि कोडेकबरोबर मायक्रोसॉफ्टचे काही फॉन्टही आणते. त्या फॉन्टच्या परवान्याचा एक पडदा मध्येच टर्मिनलमध्ये उभा राहतो आणि माऊसला दाद देत नाही. तेथे टॅबची कळ दाबून ‘ओके’वर जायचे आणि एंटर दाबायचे असते. हे ठाऊक नसल्याने घाबरून खिडकीच बंद केलेले आणि मग ‘डीपीकेजी अर्धवट थांबले आहे’ अशी तक्रार घेऊन आलेले लोक मी बरेच पाहिले आहेत. तसे झाले असल्यास डीपीकेजीला ‘कॉन्फिगर’ आणि ‘ए’ या पर्यायांसह पुन्हा चालवावे, ते अर्धे काम पुरे करते. आपल्याला फक्त धडे चालवायचे असतील, तर मी एवढा पसारा मांडणार नाही. लिबएव्हीकोडेक-एक्स्ट्रा हे एकच पॅकेज पुरे. त्यानंतर फायरफॉक्सच्या सगळ्या खिडक्या बंद करून तो नव्याने उघडावा, कारण पान ताजे केल्याने तो लायब्ररी पुन्हा शोधायला जात नाही.

एवढे करूनही एखाद्या संगणकावर व्हिडिओ चालला नाही, तर तेथला फायरफॉक्स पेनड्राइव्हवरून आणलेला जुना तर नाही ना, हे पाहावे. एफएफएमपेगच्या ४ या आवृत्तीबरोबर लिबएव्हीकोडेक ५८ येते, ५ बरोबर ५९, ६ बरोबर ६० आणि ७ बरोबर ६१. फायरफॉक्स हे आकडे नावानिशी शोधतो. त्याच्या जन्मानंतर आलेला आकडा त्याला माहीत नसतो, त्यामुळे लायब्ररी असूनही तो ‘नाही’ म्हणतो. येथेही उपाय फायरफॉक्स अद्ययावत करणे हाच आहे, ६० ला ५८ नाव देणे नव्हे.

आणखी एक गैरसमज येथेच दूर करतो. फायरफॉक्सच्या प्लगइनच्या यादीत आपल्याला सिस्कोचे ओपनएच२६४ दिसले असेल आणि ‘हे तर आहे, मग व्हिडिओ का नाही’ असा प्रश्न पडला असेल. सिस्कोने २०१३ साली तो कोडेक मोफत देण्याचे आणि त्याचे परवाना-शुल्क स्वतः भरण्याचे जाहीर केले, पण फायरफॉक्समध्ये तो मुख्यतः ब्राउझरमधून होणाऱ्या व्हिडिओ-कॉलसाठी आणला गेला. शाळेचे धडे त्याच्या भरवशावर ठेवू नयेत.

यावरूनच आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर निघते: व्हिडिओसाठी ब्राउझरला घालण्याजोगे प्लगइन आज अस्तित्वात नाही. ज्या जुन्या यंत्रणेतून जावा, फ्लॅश, व्हीएलसी वगैरे प्लगइन ब्राउझरमध्ये शिरत, ती एनपीएपीआय नावाची यंत्रणा क्रोमने लिनक्सवर २०१४ मध्येच बंद केली. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये फ्लॅश वगळता बाकी सर्व प्लगइनना दार बंद केले, आणि जानेवारी २०२१ मध्ये फ्लॅशलाही. त्यामुळे जुन्या लेखांत ‘मोझिला/प्लगइन्स या फोल्डरमध्ये अमुक फाइल टाका’ असे वाचल्यास तो लेख तेथेच सोडून द्यावा. आणि एखादे संकेतस्थळ आज ‘तुमचा व्हिडिओ प्लगइन जुना झाला आहे, येथून घ्या’ म्हणत असेल, तर ते पान शाळेच्या संगणकावरून बंद करण्यापलीकडे काहीही करू नये. एकमेव अपवाद गूगलच्या वाइडवाइनचा, जो पैसे भरून पाहायच्या चित्रपट-मालिकांसाठी लागतो. फायरफॉक्समध्ये तो सेटिंग्जमधील डीआरएमच्या (नक्कलबंदीच्या) परवानगीने आपोआप उतरतो. शाळेच्या कक्षात त्याची गरज मला दिसत नाही.

व्हिडिओ चालतो पण अडखळतो, अशी तक्रार पुढे आलीच तर ती कोडेकच्या अभावाची नाही. इंटेलच्या सातव्या पिढीपूर्वीच्या प्रोसेसरना व्हीपी९ पूर्णपणे हार्डवेअरवर उलगडता येत नाही, म्हणून यूट्यूब जड जाते आणि एच.२६४ हलके. यूट्यूबला एच.२६४ पाठवायला लावणारी एक्स्टेन्शने मिळतात. जुन्या संगणकांवर ती उपयोगी पडतात.

आता तो दुसरा प्रोग्राम, ज्याची फाइल दिसते आणि तरी ‘नाही’ म्हणते. हा लिनक्समधील सर्वांत फसवा संदेश आहे, आणि पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा मीही तासभर फाइलच्या नावातील स्पेलिंग तपासत बसलो होतो. त्या फाइलवर ‘फाइल’ हीच कमांड चालवावी. उत्तरात ‘३२-बिट’ असे आले, तर कोडे सुटले. प्रत्येक प्रोग्रामच्या आत, मला सुरू करण्यासाठी अमुक लोडर वापरा, असा एक पत्ता लिहिलेला असतो. ३२-बिट प्रोग्रामचा लोडर ६४-बिट उबंटूवर मुळात बसवलेलाच नसतो. कर्नलला (प्रणालीच्या गाभ्याला) प्रोग्राम सापडतो, त्याचा लोडर सापडत नाही, पण संदेशात कोणती फाइल नाही हे सांगण्याची सोय नसल्याने आपल्याला वाटते की प्रोग्रामच नाही. एलडीडी (प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ररी सांगणारी कमांड) येथे मदत तर करत नाहीच, उलट ‘हा डायनॅमिक प्रोग्राम नव्हे’ असे सांगून आणखी गोंधळात टाकते. यासाठी डीपीकेजीला आय३८६ ही ३२-बिट रचना जोडण्यास सांगावे, एपीटी (पॅकेजे उतरवून बसवणारे साधन) अपडेट करावे आणि लिबसी६ या नावापुढे विसर्गचिन्ह व आय३८६ जोडून ते पॅकेज घ्यावे. त्यानंतर एलडीडी खरे बोलू लागेल आणि पुढच्या कोणत्या लायब्ररी कमी आहेत त्यांची यादी देईल. मात्र १९.१०पासून उबंटूने ३२-बिट पॅकेजांची निवडक यादीच चालू ठेवली आहे. आपल्या प्रोग्रामला हवी असलेली लायब्ररी त्या यादीत नसेल, तर एका संगणकावर आभासी यंत्रात (संगणकाच्या आत चालणाऱ्या दुसऱ्या संगणकात) जुनी प्रणाली ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

एलडीडीबद्दल एक सावधगिरी सांगतो. काही परिस्थितींत ती तपासायचा प्रोग्राम प्रत्यक्ष चालवते, म्हणून अनोळखी ठिकाणाहून आलेल्या प्रोग्रामवर ती वापरू नये. तेथे रीडएल्फ किंवा ऑब्जडम्प यांनी गरजेच्या लायब्ररींची नावे वाचावीत. नाव कळले की ते कोणत्या पॅकेजात आहे हे एपीटी-फाइल सांगते. २४.०४ मध्ये काही पॅकेजांच्या नावांना ‘टी६४’ असे शेपूट लागले आहे, कारण २०३८ सालच्या तारखांच्या अडचणीसाठी ३२-बिट रचनांवर वेळेचा आकडा रुंद करण्यात आला आणि त्या फेरफारात पॅकेजांची नावे सगळ्याच रचनांवर बदलली. त्यामुळे जुन्या लेखातले लिबअसाउंड२ आता लिबअसाउंड२टी६४ झाले आहे. अ‍ॅपइमेज (न बसवता चालणारा, एकाच फाइलीतला प्रोग्राम) चालवताना लिबफ्यूज२ कमी पडले, तर लिबफ्यूज२टी६४ घ्यावे. ‘फ्यूज’ नावाचे नुसते पॅकेज घेऊ नये, ते फ्यूज३ला बाहेर काढते आणि त्याबरोबर डेस्कटॉपचे भागही जाऊ शकतात.

राहिला लिबएसएसएल १.१ मागणारा प्रोग्राम. ओपनएसएसएल ३.० सप्टेंबर २०२१ मध्ये आले, उबंटूने २२.०४ पासून तेच घेतले, आणि १.१.१ या मालिकेचा सार्वजनिक आधार ११ सप्टेंबर २०२३ रोजी संपला. प्रोग्रामची नवी आवृत्ती मिळत असेल तर प्रश्नच मिटतो. फ्लॅटपॅक (स्नॅपसारखेच एक स्वरूप) असेल तरी मिटतो, कारण तो आपल्या लायब्ररी स्वतःबरोबर आणतो. दोन्ही नसेल तर काय करावे, हे तो प्रोग्राम इंटरनेटवर जातो की नाही यावर अवलंबून आहे. जात असेल तर मी तो वापरणार नाही, कारण ओपनएसएसएल हीच त्याची कुलूपकिल्ली आणि ती आता कोणी दुरुस्त करत नाही. तो केवळ संगणकावरच प्रयोगांची चित्रे दाखवत असेल, तर उबंटू २०.०४चे लिबएसएसएल१.१ हे डेब पॅकेज उतरवावे, पण ते बसवू नये. डीपीकेजीला लहान एक्स हा पर्याय देऊन ते एका फोल्डरात नुसते उलगडावे, त्यातील लिबएसएसएल आणि लिबक्रिप्टो या दोन फाइली प्रोग्रामच्या स्वतःच्या फोल्डरात ठेवाव्यात, आणि दोन ओळींची एक स्क्रिप्ट लिहावी: पहिल्या ओळीत एलडी_लायब्ररी_पाथला (लायब्ररी कोठे शोधायच्या ते सांगणाऱ्या सेटिंगला) त्या फोल्डरचा पत्ता द्यायचा, दुसरीत प्रोग्राम सुरू करायचा. अशाने ती जुनी लायब्ररी फक्त त्या एका प्रोग्रामला दिसते, बाकी संगणकाला तिचा वाराही लागत नाही, आणि फोल्डर उडवले की सगळे गेले. हाच एलडी_लायब्ररी_पाथ बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताच वाचल्या जाणाऱ्या फाइलीत) कायमचा लिहून ठेवणे मात्र टाळावे. तसे केल्यास टर्मिनलमधून सुरू होणारा प्रत्येक प्रोग्राम त्या फोल्डरात डोकावू लागतो.

ही पद्धत एका लायब्ररीला कधीही लावू नये, आणि ती म्हणजे जीलिबसी, जिच्यावर जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम उभा असतो ती पायाभूत लायब्ररी. ‘जीलिबसी २.३४ सापडले नाही’ असा संदेश आल्यास त्याचा अर्थ प्रोग्राम आपल्या प्रणालीपेक्षा नव्या प्रणालीसाठी बांधलेला आहे एवढाच घ्यावा आणि जुना प्रोग्राम शोधावा किंवा प्रणाली वर न्यावी. दहा-बारा वर्षांपूर्वी नारायण पेठेतील एका छापखान्यात मी हा नियम मोडला. अक्षरजुळणीच्या एका प्रोग्रामला नवे जीलिबसी हवे होते, दुसऱ्या डिस्ट्रिब्युशनचे पॅकेज मी सक्तीने बसवले, आणि पुढच्या क्षणी एलएस, सीपी, सुडो अशा रोजच्या कमांड सगळ्या मुक्या झाल्या. आधीपासून उघडे असलेले शेल (टर्मिनलमध्ये कमांड घेणारा प्रोग्राम) तेवढे जिवंत होते. त्यात सीडी आणि इको या त्याच्या अंगच्याच कमांड चालत होत्या, म्हणजे फिरता येत होते आणि बोलता येत होते, पण काही उचलता येत नव्हते. पेनड्राइव्हवरून लाइव्ह प्रणाली सुरू करून मूळ पॅकेजच्या फाइली परत जागेवर ठेवीपर्यंत पहाटेचे तीन वाजले, आणि सकाळी लग्नपत्रिका छापायच्या होत्या.

फ्लॅशच्या धड्यांचे सांगायचे तर अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार संपवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरमध्ये मजकूर चालणेच थांबवले. त्यामुळे जुना प्लेअर शोधत फिरण्यात अर्थ नाही. रफल नावाचा मुक्त प्रोग्राम फ्लॅशची नक्कल करतो. तो ब्राउझरचे एक्स्टेन्शन म्हणूनही मिळतो आणि स्वतंत्र प्रोग्राम म्हणूनही. सीडीवरच्या एसडब्ल्यूएफ (फ्लॅशच्या) फाइलींसाठी स्वतंत्र प्रोग्राम सोपा पडतो, कारण ब्राउझर आपल्याच डिस्कवरच्या फाइलींना बरेच निर्बंध लावतो. साधी अ‍ॅनिमेशने आणि अ‍ॅक्शनस्क्रिप्ट या फ्लॅशच्या भाषेच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत लिहिलेले धडे तो बहुतेक नीट चालवतो. तिसऱ्या आवृत्तीतल्या धड्यांचे प्रत्येकी करून पाहावे लागेल. जे धडे चालतील, त्यांतले शिक्षकांना खरोखर हवे असलेले निवडून स्क्रीन रेकॉर्ड करून एमपीफोरमध्ये उतरवून ठेवावेत, असे मी सुचवीन. स्वतः क्लिक करत शिकण्याची सोय जाईल, पण निदान पाहता तरी येतील.

हे सर्व एकाच वेळी बारा संगणकांवर करू नये. एक संगणक निवडून त्यावर प्रत्येक पायरी करावी आणि दिलेली प्रत्येक कमांड वहीत लिहावी. ते नीट झाल्यावर त्याच संगणकावर एपीटी-कॅशर-एनजी बसवून बाकीच्यांना पॅकेजे त्याच्याकडून घ्यायला सांगावे, म्हणजे शाळेच्या जोडणीवरून तेच पॅकेज बारा वेळा उतरणार नाही. मधल्या टप्प्यावर एखादा संगणक अडलाच, तर मला तीन गोष्टी कळवाव्यात: संदेशाचे शब्द जसेच्या तसे, त्या प्रोग्रामवर ‘फाइल’ कमांडने दिलेले उत्तर, आणि त्या संगणकावर लिबएव्हीकोडेकचा कोणता आकडा आहे ते. फोटो पाठवणार असाल तर संदेशाची पहिली ओळ त्यात येईल असे पाहावे. बहुतेक जण नेमकी शेवटची ओळ पाठवतात आणि खरे नाव पहिल्या ओळीत राहून जाते.